घटाजवळचं रिव्हॉल्व्हर

पहिल्या दिवशी रिव्हॉल्व्हर समोर धरलं आणि मी डोळे मिटले. गीताबाई म्हणाली, "काकू, नमस्कार नंतर करा. आधी समोर बघा."

समोर बघण्यासारखं काही नव्हतं. बीडच्या पोलीस मैदानामागं मातीचा उंच बांध, त्याच्यापुढं लाकडी चौकटीत लावलेला कागद आणि कागदावर एक काळा गोल. उन्हानं त्या गोलाखाली पाणी हलल्यासारखं दिसत होतं. त्या उन्हाळ्यात आमच्या भागात पाणी म्हणावं असं तेवढंच दिसत होतं.

गीताबाई पोलिसात शिकवायच्या कामावर. आष्टीकडची, ऊसतोड्याची लेक. वयानं माझ्या लेकीहून थोडी मोठी, पण शिट्टी गळ्यात असली की माझी सासूच. हात असा धरा, पाय एवढे फाकवा, श्वास अर्धा सोडा आणि तिथंच थांबा. चाप ओढायचा नाही, दाबायचा. कसा दाबायचा ते मला कळेना, तेव्हा ती म्हणाली, "सीताफळ पिकलं का बघता ना, तसा. जास्ती दाबलं तर गर हातात येतो." मग कळलं. बालाघाटातल्या बाईला सीताफळ दाबायला शिकवावं लागत नाही.

पहिले सगळे दिवस सराव नुसता कोरडा. गोळी नाही, बार नाही. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप दाबायचा, वरचा घोडा मागं जाऊन पुढं आपटायचा, टक्क. मी एवढ्या लांबून एसटीनं त्या टक्कसाठी जात होते. लिंबागणेशच्या पुढं आमचं गाव. तिथून मांजरसुंबा, मांजरसुंब्याला गाडी बदलून बीड. कंडक्टर ओळखीचा झाला होता. तिकीट फाडताना म्हणायचा, "काकू, आज कुणाचा नंबर?" मी म्हणायचे, "सुट्टे पैसे न देणाऱ्याचा." सगळी गाडी हसायची. मीही हसायचे. डोक्यावरचा पदर सारखा करायचे आणि घाट लागला की खिडकीतून बाहेर बघत बसायचे, कारण घाटात मला रडू यायचं आणि का ते मला सांगता आलं नसतं.

माझे मालक सुंदरराव पौषात गेले. धार काढली, बादली ओट्यावर ठेवली, शेजारी टेकले ते टेकलेच. बादलीतलं दूध सांडलंसुद्धा नाही. दवाखान्यापर्यंत नेलं, पण ते आपलं लोकांसाठी.

रिव्हॉल्व्हर त्यांच्या नावावर होतं. त्याआधी सासऱ्यांच्या. सासऱ्यांनी ते निजामाच्या नोकरीतल्या कुणा म्हाताऱ्या अंमलदाराकडून घेतलेलं. बेल्जमचं आहे म्हणायचे. बेल्जम कुठं हे घरात कुणाला माहीत नव्हतं, पण शब्दाला वजन होतं. रिव्हॉल्व्हर मात्र एवढंसं. नळी माझ्या मधल्या बोटाएवढी, मूठ काळ्या शिंगाची, घासून घासून गुळगुळीत झालेली. सुंदरराव आमच्या दूध संस्थेचे चेअरमन होते, सभेला जाताना ते चामड्याच्या म्यानात घालून कमरेला लावायचे आणि वरून सदरा सोडायचे. बाहेर काढताना त्यांना कुणी कधी पाहिलं नाही. ते आहे एवढं माहीत असणं पुरायचं.

घरात ते खऱ्या अर्थानं बाहेर यायचं नवरात्रात. आमच्याकडं घट बसला की हत्यार त्याच्याशेजारी पाटावर, रुमालाखाली ठेवायचं. नऊ दिवस पुरुषानं त्याला हात लावायचा नाही, ते दिवस ते देवीचं. देवीचं म्हणजे खरं तर आत्याबाईंचं. माझ्या सासूबाई चंद्रभागाबाई, आता ऐंशीच्या पुढं, पण देवघराची किल्ली आजही त्यांच्याच कमरेला. दसऱ्याला आपट्याची पानं वाहून त्या ते हत्यार लेकाच्या हातात परत देत. लेक ते कपाळाला लावी, मग घटाच्या पाया पडे. शेवटची काही वर्षं मात्र सुंदरराव आधी आईच्या पाया पडायला लागले होते. त्या मागं सरायच्या, म्हणायच्या, "आरं, आधी देवीच्या पड की." ते ऐकायचे नाहीत. मी म्हणायचे, वय झालं की माणूस हळवा होतो.

माणूस गेला की हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. मी ते त्यांच्या उपरण्यात गुंडाळलं, वर दोरी बांधली आणि ठाण्यात दिलं, सोबत काडतुसांचा पत्र्याचा डबाही दिला. घरच्या कुणाला ते ठेवायचं असेल तर त्यानं स्वतःच्या नावावर लायसन मागायचं, आणि त्याआधी मैदानावर चालवायला शिकून परीक्षा द्यायची. घरात मागणारे दोघं. एक मी. दुसरा माझा दीर मोहनराव.

मोहनराव वाईट नाही. हे मी आधीच सांगते, कारण पुढं तसं वाटेल. पण त्याचा राग कडब्यासारखा. पेटला की विझवायला पाणी पुरत नाही. यंदा संस्थेनं पुन्हा जनावरांची छावणी उघडली होती आणि ती त्याच्या हातात होती. गावातले बबनराव पारावर बसून त्याला येता-जाता एकच विचारायचे, "साखळ्या आणल्या का रं, चेअरमनच्या भावा?" मोहनरावानं चारचौघांत सांगून टाकलं होतं, की दादाचं हत्यार एकदा कमरेला येऊ दे, मग बबन्याचं तोंड कसं बंद होतं बघा. लोक हसले. मी हसले नाही. मी त्याला ताटात मीठ कमी पडलं म्हणून ताट भिरकावताना पाहिलेलं आहे.

म्हणून मी बीडला जात होते. हत्यार माझ्या नावावर झालं की कपाटात जाईल, कपाटाची किल्ली माझ्याकडं राहील आणि बबनराव पारावर राहतील. एवढाच माझा हिशोब होता.

मोहनराव एकदा येऊन बाजेवर बसला. म्हणाला, वहिनी, बाईच्या कमरेला ते शोभत नाही. मी म्हणाले, कमरेला लावणार नाही, कपाटात ठेवणार आहे.

"मग शिकता कावून?"

"कपाटातून पडलं तर झेलता यावं म्हणून."

तो उठून गेला. आत्याबाई चिंचा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं होतं, त्या लेकाची बाजू घेतील. नाही घेतली. माझीही घेतली नाही. फक्त मी मैदानावरून परतले, की दारातच विचारायच्या, "वाजलं का?"

"न्हाई आत्याबाई. अजून कोरडंच हाय."

"बरं," म्हणायच्या आणि दगड उचलून पुढची चिंच ठेचायच्या. रोज हेच. वाजलं का. न्हाई. बरं. मला वाटायचं, म्हातारीला त्या आवाजाची भीती बसली आहे.

आता साखळ्यांचं सांगते.

तेरा सालच्या दुष्काळात संस्थेनं छावणी उघडली तेव्हा सुंदरराव चेअरमन होते. सगळ्या शिवारातली जनावरं तिथं. रात्री चोर यायचे, दावी कापायचे, जनावर घेऊन पसार. चार ठिकाणी असं झाल्यावर सुंदररावांनी सभेत ठराव मांडला, की दावी काढा, लोखंडी साखळ्या आणा. सगळ्यांनी हात वर केले. बबनरावांनीही. साखळ्या आल्या, चोऱ्या थांबल्या, सुंदररावांचं कौतुक झालं.

वैशाखात भर दुपारी कडब्याच्या गंजीला आग लागली. वारं सुटलेलं. दाव्याला बांधलेलं जनावर भ्यालं की हिसका देतं, दावं तुटतं, नाहीतर खुंटा उपटतो. ह्या मेखा खोल ठोकलेल्या होत्या आणि साखळ्या नव्या होत्या. माणसं धावली, हातानं सोडवायला गेली, पण लोखंड तापलेलं. काही जनावरं सोडवता आली. मागच्या रांगेतली नाही. बबनरावांच्या गाई मागच्या रांगेत होत्या. सुंदररावांच्या दोन्ही तळहातांची सालं गेली होती. मी त्यांना कित्येक दिवस हातानं भरवलं.

पंचनामा झाला, चौकशी झाली, दोष कुणाचा नाही असं ठरलं. सुंदररावांनी तसं ठरवलं नाही. ते पावसाळाभर माडीवर बसून राहिले. जेवायला हाक मारली तर येत, पुढ्यातलं खात आणि परत वर जात. मी लिंबागणेशच्या गणपतीला बोलून बसले, की ह्यांना माणसांत आण, मी चतुर्थ्या करीन.

आणि त्या कार्तिकात एका दुपारी ते आपण होऊन खाली आले. चुलीपाशी बसले. चहा दे म्हणाले. चहा पिताना हात थरथरत होता, पण मला त्याचं काही वाटलं नाही, मला खाली आल्याचंच अप्रूप. चहा संपवून म्हणाले, "एक दावं दे." मी दिलं. त्यांनी ते खुंटीला बांधलं, सोडलं, परत बांधलं. अंधार पडेपर्यंत तेच. दुसऱ्या दिवसापासून गावात गोठ्यागोठ्यानं फिरायला लागले. जनावराला बांधायची एक गाठ असते. जनावर आपल्या जागी उभं असलं तर घट्ट राहते, आणि माणसानं मोकळं टोक ओढलं की एका झटक्यात सुटते. ती गाठ त्यांनी गावातल्या पोरासोरांना, म्हाताऱ्यांना, नव्या सुनांना शिकवली. बबनरावांच्या गोठ्यातही गेले. बबनरावांनी पाठ फिरवली, ह्यांनी गाठ मारली आणि आले. पुढं मरेपर्यंत त्यांचा हाच उद्योग. दुधाची संस्था, गोठे आणि गाठ. लेकीचं लग्न त्यांनी उभं राहून केलं. नातीला कडेवर घेऊन दावणीला नेलं, तिलाही तीच गाठ.

मी गणपतीच्या चतुर्थ्या केल्या. न चुकता.

ठाण्यात दिलेल्या गाठोड्यालाही मी तीच गाठ मारली होती. हात दुसरी मारेना. ठाण्यातले हवालदार सरावाच्या दिवशी ते गाठोडं मैदानावर आणायचे, टोक ओढायचे आणि म्हणायचे, "काकू, तुमची गाठ लई गुणाची." मी म्हणायचे, माझी नाही.

मग एके दिवशी गीताबाई म्हणाली, आज वाजवायचं. आधी खात्याच्या रिव्हॉल्व्हरवर हात बसू दे, मग तुमच्या.

खात्याचं ते धूड दोन्ही हातांनी उचलावं लागलं. पहिली गोळी बांधाच्या मातीत गेली. आवाज कानात नाही, दातांत बसला. लिंबावरचे कावळे उठले. मला वाटलं होतं मी घाबरेन. तसं झालं नाही, मला एवढंच वाटलं, की हे इतकं सोपं असतं? एवढंसं दाबायचं आणि काहीतरी कायमचं होऊन जातं? दुसरी कागदाच्या कडेला लागली. पुढची काळ्या गोलात. गीताबाई म्हणाली, "काकू, तुमी फडात असत्या तर मुकादमानं दोन कोयते लावले असते." ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, तेव्हा तिच्या तोंडी ही मोठी शाबासकी होती.

मग आमचं. तिनं खात्याची नवी काडतुसं फिरकीत भरली आणि माझ्या हातात दिलं. मी श्वास अर्धा सोडला. सीताफळ दाबलं.

टक्क.

गीताबाई म्हणाली, हलू नका, नळी समोरच ठेवा, कधी कधी उशिरा उडतं. थांबलो. कावळे परत येऊन बसले. परत दाबा म्हणाली. दाबलं. टक्क.

तिनं ते माझ्या हातातून अलगद घेतलं, रिकामं केलं आणि मैदानाच्या कडेच्या खोलीत नेलं. तिथं हत्यारं दुरुस्त करणारे मिस्त्री बसतात. वयस्कर, चष्म्याला दोरा. त्यांनी रिव्हॉल्व्हर मधोमध मोडून उघडलं, घोडा अंगठ्यानं मागं ओढून धरला आणि दिव्याखाली बघितलं. मग मला जवळ बोलावलं.

घोड्याला पुढं एक बारीक टोकदार नाक असतं. तेच काडतुसाच्या बुडाला टोचतं, तेव्हा बार उडतो. आमच्या घोड्याचं नाक बोथट होतं.

"हे झिजलं न्हाई," मिस्त्री म्हणाले. "कानशीनं घासलंय कुणीतरी. लई वर्षं झाली, बघा, वर गंज धरलाय."

मी म्हणाले, असं कोण करेल? ते म्हणाले, ते मला काय ठाऊक. मग नुकती न उडालेली दोन काडतुसं त्यांनी टेबलावर उभी केली. दोघांच्या बुडाला मधोमध एक फिकट ठिपका, नखानं दाबल्याएवढा. नाक पोचलं होतं पण पुरलं नव्हतं. त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी आमचा जुना पत्र्याचा डबा उघडला आणि त्यातली सुंदररावांची काडतुसं एकेक उलटी करून बघायला लागले. कोरं, कोरं, कोरं. एक हातात धरून थांबले. ते टेबलावरच्या दोघांशेजारी उभं केलं.

त्याच्याही बुडाला तोच ठिपका.

"हे आज भरलंच न्हाई आपण," ते म्हणाले. "हे जुनं हाय. कानस लागल्यानंतर कुणीतरी ह्याच्यावर चाप दाबलेला हाय. एकदाच. मालकांनी कधी चालवून बघितलं होतं का?"

मी म्हणाले, बघितलं असेल.

गीताबाईनं माझ्याकडं पाहिलं. ती पोलिसात आहे, तिला सांगावं लागलं नाही. तिनं मला हाताला धरून लिंबाखाली बसवलं, स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं आणि शेजारी बसून राहिली. एकदाच म्हणाली, "काकू, पाणी संपवा." मी संपवलं. मिस्त्री बाहेर येऊन म्हणाले, नवीन नाक बसवून देतो, अवघड नाही, मग परीक्षा द्या, तुमचा हात चांगला आहे. मी म्हणाले, विचार करून सांगते.

परतीच्या गाडीत कंडक्टरनं विचारलं, काकू, आज कुणाचा नंबर? मी सुट्टे मोजून त्याच्या हातावर ठेवले. तो बिचारा तिकीट देऊन पुढं सरकला.

घाटात मी रडले नाही. घाटात मी त्या कार्तिकातल्या दुपारचा चहा परत परत करत होते. ते जिन्यावरून खाली आले. चुलीपाशी बसले. हात थरथरत होता. माझी पाठ त्यांच्याकडं होती, मी साखर शोधत होते. वर माडीत काय झालं होतं ते माझ्या घराला माहीत होतं, माडीच्या फळ्यांना माहीत होतं. मला एवढंच माहीत होतं, की साखरेचा डबा जागेवर नाही.

आणि कानस कुणाची? हत्यार ह्यांच्या नजरेआड कधी कुणाच्या हातात जायचं नाही. सुंदररावांच्या कमरेला, नाहीतर कुलपात. वर्षात नऊ दिवस सोडले तर.

मी घरी पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. आत्याबाई ओट्यावर, पुढ्यात चिंचांचा ढीग, एका बाजूला चिंचोके.

"वाजलं का?"

"न्हाई."

"बरं."

"आज गोळी भरली व्हती, आत्याबाई."

त्यांच्या हातातला दगड चिंचेवर आला नाही. तसाच वर राहिला. मग त्यांनी तो हळूच खाली ठेवला.

"न्हाईच वाजायचं ते," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्यासमोर बसले. त्यांनी सांगितलं ते सगळं एका सुरात, जणू कुणा दुसरीचं. त्या पावसाळ्यात त्या एकदा माडीवर पाणी घेऊन गेल्या तर हत्यार सुंदररावांच्या मांडीवर होतं. ते पुसत होते. पण एकाच जागी पुसत होते. बोटाएवढी जागा, परत परत. आई येऊन उभी राहिली तरी त्यांना कळलं नाही. त्या तांब्या ठेवून खाली आल्या. कुणाला बोलल्या नाहीत. घट बसायची वाट बघितली.

त्या वर्षी ऊसतोडीच्या टोळ्या लवकर निघणार होत्या, गावात खायला काही नव्हतं. नवरात्रातच कोयत्यांना धार लावायला धुळाजी लोहाराच्या भात्यापाशी बायकांची रांग. आत्याबाईंनी पाटावरचं हत्यार उचललं, पाटावर रुमालाखाली पोळपाटाचं लाटणं ठेवलं, हत्यार टोपल्यात घातलं, वर दोन जुने कोयते ठेवले आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. चेअरमनची आई रांगेत बघून बायका पुढं सोडायला लागल्या, तर ह्या म्हणाल्या, नको, मी शेवटाला. सगळ्या गेल्यावर धुळाजीपुढं टोपलं ठेवलं. तो हात जोडायला लागला, की मालकीणबाई, देवीच्या दिवसांतलं हत्यार आहे, माझ्याच्यानं व्हायचं नाही. ह्या म्हणाल्या, पाप माझं, कानस तुझी. त्यानं घासलं. धुळाजी जाऊन आता वर्षं झाली. त्यानं कुठं वाच्यता केली नाही.

मी विचारलं, लपवूनच का नाही ठेवलं?

"लपवलं असतं तर त्यानं दुसरं काई शोधलं असतं," त्या म्हणाल्या. "हाय म्हनून ऱ्हाऊ दिलं."

मग बराच वेळ चिंचोके चाळत राहिल्या. आणि मग, खाली बघतच, ज्यासाठी त्या रोज मला दारात अडवत होत्या ते बोलल्या. देवीच्या पाटावरचं हत्यार त्यांनी मारलं. पूजेतल्या वस्तूला कानस लावली. तेव्हापासून पाणी रुसलं ते रुसलं. सुंदर त्यांच्याआधी गेला. त्या रोज दिवा लावताना देवीला विचारायच्या, पण देवी काही सांगायची नाही.

"तो नुसता पुसतच असंल," त्या म्हणाल्या. "त्याच्या मनात काई नसंल बी. मी उगंच केलं का गं, कौसल्या?"

ते तिसरं काडतूस मी सांगणार नव्हते. मांजरसुंब्याला गाडी बदलताना मी ते मनातल्या मनात पुरून टाकलं होतं. ऐंशी वर्षांच्या आईला हे कोण सांगतं? पण त्या माझ्याकडं बघत होत्या. त्यांचं बोट एका चिंचोक्यावरून फिरत होतं. एकाच जागी.

"उगंच न्हाई केलं, आत्याबाई."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा हात थांबला.

"त्यानं?"

"हां. एकदा."

त्या रडल्या नाहीत. पदर तोंडावर घेतला आणि तशाच बसल्या. रस्त्यानं छावणीकडं पाण्याचा टँकर गेला, मागं घागरी घेतलेल्या बाया पळाल्या, त्यांचा गलका येऊन गेला. पदराआडून आत्याबाई म्हणाल्या, "म्हनून पाया पडायचा तो."

मी विखुरलेले चिंचोके एका बाजूला सारले.

"दर दसऱ्याला. मी म्हनायची, आधी देवीच्या पड. पोराला ठाव व्हतं गं. मला वाटायचं, त्याला ठावच न्हाई."

माझ्याही तेव्हाच ध्यानात आलं. न वाजणारं हत्यार ते पाच वर्षं कमरेला लावून सभांना जात होते. कधी मिस्त्रीकडं नेलं नाही. मी महिन्याच्या महिन्याला त्याला तेल लावत होते, ते बघायचे आणि म्हणायचे, लाव, लाव. मायलेकांनी एकमेकांना एक शब्द सांगितला नाही, आणि मधे मी, तेलाची बाटली घेऊन.

आत्याबाईंनी डोळे पुसले आणि दगड परत हातात घेतला. "मंजी ते दिस मिळाले," म्हणाल्या. "पोरीचं लगीन बघितलं त्यानं. नात बघितली." एक चिंच ठेचली. "तुला बी मिळाले."

तेव्हा मात्र मला आवरलं नाही. त्यांनी मला रडू दिलं आणि चिंचा फोडत राहिल्या.

पुढचं थोडंच आहे. मी नवं नाक बसवलं नाही. परीक्षाही दिली नाही. हत्यार नको, सरकारनं मोडून टाकावं, असा अर्ज केला. आत्याबाईंनी खाली अंगठा उठवला. मोहनराव चवताळून आला. म्हणाला, नाक बसतं, मी बसवून घेतो, तुम्हाला नको तर मला द्या. आत्याबाई म्हणाल्या, ते हत्यार माझ्या मालकाचं, मी न्हाई म्हनते. तेवढ्यानं तो गप्प बसला नसता. मग त्यांनी त्याला आत नेलं आणि दार लावलं. काय सांगितलं मला ठाऊक नाही. बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड लहान पोरासारखं झालं होतं. ओट्यावर बसून म्हणाला, "वहिनी, मग मला दादाचं काय मिळालं?"

मी कपाट उघडलं आणि रिव्हॉल्व्हरचं चामड्याचं म्यान त्याला दिलं. आता सभेला जाताना तो ते कमरेला लावतो आणि वरून सदरा सोडतो. आत काही नसतं. आमच्या घराची ही रीतच म्हणायची. बबनराव पारावर बसून अजून विचारतात, साखळ्या आणल्या का. परवा मोहनराव म्हणाला, "न्हाई, काका. दावी हायत. येऊन गाठी बघा." बबनराव गेले नाहीत. पण त्या दिवशी पुन्हा विचारलंही नाही.

अर्ज मंजूर झाल्यावर मला ठाण्यात बोलावलं. हवालदारांनी रिव्हॉल्व्हर ठेवून घेतलं आणि उपरणं परत दिलं. त्याला तेलाचा वास येत होता. एवढा येत होता, की गाडीत शेजारची बाई सरकून बसली.

घट बसला तेव्हा पाऊस अजून नव्हता. आत्याबाईंनी नेहमीसारखा शेजारी पाट मांडला, त्यावर ते उपरणं घडी करून ठेवलं, आणि वर काही नाही. नऊ दिवस त्या रिकाम्या जागेला हळदीकुंकू वाहिलं. दसऱ्याला मी आपट्याची पानं घेऊन देवघरात गेले. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी वाकले तर घटाकडं हात करून म्हणाल्या, आधी तिच्या पड.

मी त्यांच्याच पडले. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत.